संशयाची शिस्त

एखादा हेर पकडला गेला की वृत्तपत्रांचे रकाने चार दिवस भरून वाहतात. त्याचे छायाचित्र, त्याची घरची स्थिती, त्याला भुलविणाऱ्या स्त्रीचे खरे-खोटे नाव, हे सारे चघळले जाते आणि पाचव्या दिवशी विषय मागे पडतो. ज्यांच्या वर्षानुवर्षांच्या कामातून संशयाचा पहिला धागा हाती लागतो, ती माणसे या गदारोळात कोठेच दिसत नाहीत. ती दिसू नयेत, हे त्यांच्या पेशाचे बंधनच आहे. परंतु त्यांच्या कामाचे स्वरूप काय, त्याची पथ्ये कोणती आणि ती मोडली तर बळी कोणाचा जातो, हे प्रश्न गुप्त ठेवण्यासारखे नाहीत. ते नागरिकांचे प्रश्न आहेत. आणि खानदेशापुरते बोलायचे तर ते घराच्या उंबरठ्यावरचे प्रश्न आहेत.

जळगाव जिल्ह्यात भुसावळ येथे १९४९ पासून आणि वरणगाव येथे १९६४ पासून आयुध निर्माणी आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या, तेव्हा वरणगावची निर्माणी म्युनिशन्स इंडियाकडे आणि भुसावळची यंत्र इंडियाकडे गेली. पाट्या बदलल्या, कामाचे स्वरूप बदलले नाही. वरणगावात लहान शस्त्रांची काडतुसे होतात, भुसावळात पिनाक अग्निबाणांच्या पॉडसारखी सामग्री. भुसावळ हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्य ठाणे आहे. मुंबईहून येणारा लोहमार्ग तेथे एकीकडे नागपूर-हावड्याकडे व दुसरीकडे इटारसीमार्गे उत्तरेकडे फुटतो. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा रस्त्याला सुरत-नागपूर रस्ता छेदतो. सीमेपासून शेकडो मैल दूर असलेला हा प्रदेश परकीय हेरांच्या नजरेत कशाला येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे; पण ते खरे नाही.

शेजारच्या जिल्ह्यांत काय घडले ते पाहावे. ऑक्टोबर २०१८ मध्ये नागपूर येथे ब्रह्मोस प्रकल्पातील एका तरुण अभियंत्यास अटक झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये नाशिकजवळच्या ओझर येथील विमान कारखान्यातील एका कर्मचाऱ्यास, लढाऊ विमानांची माहिती परकीय हस्तकास पुरविल्याच्या आरोपावरून राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने पकडले. मे २०२३ मध्ये संरक्षण संशोधन संस्थेच्या पुणे येथील प्रयोगशाळेचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना त्याच पथकाने अटक केली; ‘झारा दासगुप्ता’ या नावाने संपर्क साधणाऱ्या व्यक्तीशी त्यांनी गोपनीय विषयांवर संभाषण केले, असा आरोपपत्राचा मथितार्थ आहे. आरोप सिद्ध होणे वा न होणे ही न्यायालयाची बाब. परंतु अधिकाराच्या सर्व पायऱ्यांवर, तरुण अभियंत्यापासून निवृत्तीला आलेल्या संचालकापर्यंत, एकाच प्रकारचे जाळे टाकले जात आहे, एवढे यावरून दिसते.

हेरगिरी आणि प्रतिहेरगिरी

शत्रूची माहिती काढणे ही हेरगिरी. आपली माहिती काढणाऱ्या शत्रूच्या माणसाचा माग काढणे, त्याला निष्प्रभ करणे किंवा त्याच्याच तोंडून शत्रूला चकविणे ही प्रतिहेरगिरी. भारतात या दुसऱ्या कामाची मुख्य जबाबदारी गुप्तवार्ता ब्यूरोकडे आहे. या संस्थेचे मूळ १८८७ साली ब्रिटिश राजवटीने स्थापलेल्या शाखेत आहे. परदेशांतील माहिती काढण्यासाठी २१ सप्टेंबर १९६८ रोजी ‘रॉ’ ही स्वतंत्र संस्था निघाली, आणि तिलाही आपल्या अंगणात शत्रूचा माणूस नाही ना, हे पाहणारा विभाग ठेवावा लागला.

दोन्ही कामांची गरज आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. कौटिल्याने दोन्ही धन्यांचा पगार खाणाऱ्या हेरास ‘उभयवेतन’ असे नेमके नाव दिले आहे, आणि एकमेकांस न ओळखणाऱ्या तीन हेरांचे म्हणणे जुळले तरच बातमीवर विश्वास ठेवावा, असा दंडक घातला आहे. दोन सहस्र वर्षांनंतरही या दंडकात भर घालण्यासारखे फारसे नाही. शिवकाळातील बहिर्जी नाईकांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. परंतु आलेली बातमी खरी की शत्रूने मुद्दाम पेरलेली, हे ठरविणारा कोणी तरी त्या काळीही असलाच पाहिजे. बातमी आणणाऱ्याचे पोवाडे होतात. ती पारखणाऱ्याचे होत नाहीत.

हा पारखणारा म्हणजे विश्लेषक. तो वेषांतर करीत नाही, पाठलाग करीत नाही, बहुधा कचेरीबाहेरही पडत नाही. त्याच्यापुढे कागद असतात: प्रवासाच्या नोंदी, रजेचे अर्ज, बँकेची खाती, दूरध्वनीच्या वेळा, कोणता दस्तऐवज कोणी कधी मागविला याचे रजिस्टर, पकडलेल्या माणसांचे जबाब, आणि फुटून आलेल्या परकीय अधिकाऱ्याचे कथन. या ढिगातून दोन प्रश्नांची उत्तरे त्याला काढायची असतात. आपल्याकडून काय फुटले, आणि ज्या थोड्यांना ते ठाऊक होते त्यांपैकी कोणामार्फत ते फुटले असावे?

क्षुल्लकाचे मोल

फुटते ते नेहमी महत्त्वाचे दिसतेच असे नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीने व्यापलेल्या बेल्जममधील शेकडो सामान्य स्त्री-पुरुषांनी आपल्या खिडकीतून जाणाऱ्या लष्करी गाड्या मोजण्याचे काम ब्रिटिशांसाठी केले. किती डबे सैनिकांचे, किती घोड्यांचे, किती तोफांचे, एवढीच नोंद. एकेका नोंदीला काही अर्थ नव्हता. त्या एकत्र मांडल्या की कोणती तुकडी कोणत्या आघाडीकडे निघाली, हे उलगडत असे. भुसावळच्या वाचकास याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. फलाटावर उभा राहून सहज काढलेले मालगाडीचे छायाचित्र, निर्माणीत जादा पाळी सुरू झाल्याचा मित्रमंडळींतील उल्लेख, अमुक अधिकारी अमुक दिवशी येऊन गेल्याची बढाई, यांतील एकही गोष्ट सांगणाऱ्याला गुपित वाटत नाही. जादा पाळीवरून उत्पादन वाढल्याचे कळते, उत्पादनावरून मागणी, आणि मागणीवरून तयारी.

म्हणूनच आजचा परकीय हस्तक प्रथम गुपित मागत नाही. तो मैत्री मागतो. समाजमाध्यमावर एखाद्या तरुणीच्या नावाने खाते उघडले जाते. गावाकडच्या आठवणी, नोकरीतील कंटाळा, बदलीची खंत यांवर गप्पा होतात. मग एखादे निरुपद्रवी छायाचित्र मागितले जाते, किंवा परदेशातील नोकरीचे आमिष दाखवून भ्रमणध्वनीवर वा संगणकावर एखादी प्रणाली उतरवून घ्यायला सांगितले जाते. ती उतरली की माणसाने स्वतः काही सांगण्याची गरजच उरत नाही. यंत्रच सारे सांगते. पैशाच्या लोभापेक्षा एकटेपणा आणि मोठेपणाची भूक यांवर हा व्यवहार अधिक चालतो. आणि या दोन गोष्टी अपराध्यांनाच जडतात असे नव्हे.

धुळ्याच्या दप्तरखान्यातील धडा

विश्लेषकाची कार्यपद्धती समजून घेण्यासाठी परदेशी कादंबऱ्या वाचण्याचे कारण नाही. धुळ्यातील राजवाडे संशोधन मंडळाची आठवण पुरेशी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरे उपसून मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करीत राहिले. त्यांचे बावीस खंड १८९८ पासून प्रसिद्ध होत गेले. १९२६ साली धुळ्यातच त्यांचा अंत झाला आणि त्यांचा संग्रह जपण्यासाठी ही संस्था उभी राहिली. राजवाड्यांनी मराठी वाचकाला जी दृष्टी दिली ती अशी की, बखर कितीही रसाळ असली तरी तिच्यापेक्षा समकालीन अस्सल कागद मोठा. आणि कागद अस्सल आहे हेही गृहीत धरायचे नाही. त्याचे हस्ताक्षर, मायना, शिक्का, तिथी-वार, त्यात उल्लेखिलेली माणसे त्या दिवशी त्या ठिकाणी असू शकत होती काय, हे सारे तपासायचे.

प्रतिहेरगिरीचा विश्लेषक याहून वेगळे काही करीत नाही. फुटून आलेला परकीय अधिकारी ही त्याची बखर; रजिस्टरातील नोंद हा त्याचा अस्सल कागद. फरक इतकाच की इतिहासकाराच्या कागदाचा लेखक मृत असतो, आणि विश्लेषकाचा प्रतिपक्षी जिवंत असून त्याला फसविण्यासाठीच कागद रचत असतो. इतिहासकाराची चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. विश्लेषकाची चूक झाली तर एखादा निरपराध तुरुंगात सडतो किंवा खरा अपराधी वरच्या जागी चढतो.

शिक्षक आणि कारकून यांनी अभिमान बाळगावा अशी एक हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात सोव्हिएत सांकेतिक तारा उकलण्याचा एक उपक्रम सुरू झाला, पुढे तो ‘व्हेनोना’ या नावाने प्रसिद्धीस आला. तो जिच्या हातून सुरू झाला ती जीन ग्राबील काही काळापूर्वीपर्यंत शाळेत शिकवीत होती. तिच्या अनेक सहकारी स्त्रियाही शिक्षिकाच होत्या. एकदाच वापरायच्या संकेतपत्रांची काही पाने युद्धाच्या घाईत सोव्हिएत कचेरीने दोनदा छापली होती. ती पुनरुक्ती शोधण्यासाठी हजारो तारांतील आकड्यांची जुळणी चिकाटीने करावी लागली. डिसेंबर १९४६ मध्ये मेरेडिथ गार्डनर या भाषातज्ज्ञाने त्यातून अणुशास्त्रज्ञांची नावे असलेला मजकूर वाचून दाखविला. वह्या तपासण्याची सवय ज्यांना असते, त्यांना दोन मुलांनी एकाच ठिकाणी केलेली एकच चूक चटकन दिसते. त्या सवयीने एका महासत्तेचे हेर उघडे पडले.

दुसरी हकिकत याहून बोलकी आहे. १९८५-८६ मध्ये अमेरिकन गुप्तचर संस्थेचे सोव्हिएत रशियातील हस्तक एकामागून एक पकडले जाऊ लागले. त्यांतील किमान दहांना प्राण गमवावे लागले. फुटीर कोण, हे शोधण्याचे काम चारदोन माणसांच्या एका गटाकडे आले. त्याची प्रमुख जीन व्हर्टफे ही १९५४ मध्ये टंकलेखिका म्हणून नोकरीस लागलेली बाई होती. तिची सहकारी सँडी ग्राइम्स हिने संशयितांपैकी ऑल्ड्रिच एम्स या अधिकाऱ्याचा दिवसवार तक्ता मांडला. १७ मे १९८५ रोजी त्याने सोव्हिएत वकिलातीतील एका अधिकाऱ्याबरोबर भोजन केले. १८ मे रोजी त्याच्या खात्यात नऊ हजार डॉलर जमा झाले. पुढच्या भोजनांनंतरही तसेच. हा मनुष्य दोन वेळा असत्यशोधक यंत्रापुढे बसून सुटला होता, आणि पगाराच्या मानाने अशक्य असे घर रोख पैसे देऊन विकत घेत होता. यंत्राला जे दिसले नाही ते दोन रकाने शेजारी-शेजारी लिहिल्यावर दिसले. फेब्रुवारी १९९४ मध्ये एम्सला अटक झाली. नऊ वर्षे गेली खरी. पण त्या वर्षांत तक्ता मांडण्याइतका वेळ, माणसे आणि बँकेचे कागद त्या गटाला पुरेसे मिळाले नाहीत, हाही या कथेचा भाग आहे.

भारताच्या वाट्याला असे समाधानही अनेकदा आले नाही. ‘रॉ’चा सहसचिव दर्जाचा अधिकारी रबिंदर सिंग हा आपल्या कामाशी संबंध नसलेले कागद पाहतो व त्यांच्या नकला काढतो, असा संशय आल्यावर त्याच्यावर पाळत ठेवण्यात आली. पाळत चालू असतानाच मे २००४ मध्ये तो नेपाळमार्गे अमेरिकेस पळाला. ओळखले होते; पण हाती काही लागले नाही. संशय आणि पुरावा यांतील अंतर किती अवघड असते, याचा हा नमुना होय.

संशयाचे दुसरे टोक

मात्र हे अंतर उडी मारून ओलांडले तर काय होते, याचे नमुने अधिक विदारक आहेत. अमेरिकन संस्थेच्या प्रतिहेरगिरी विभागाचा १९५४ पासून १९७४ पर्यंत प्रमुख असलेला जेम्स अँगलटन हा असाधारण बुद्धीचा मनुष्य. एका फुटून आलेल्या सोव्हिएत अधिकाऱ्याच्या बखरीवर त्याचा इतका विश्वास बसला की, त्यानंतर आलेला प्रत्येक जण त्याला तोतया वाटू लागला. १९६४ मध्ये आलेल्या युरी नोसेंको यास तीन वर्षांहून अधिक काळ एकांतवासात डांबण्यात आले. पुढे तो खरा असल्याचे त्याच संस्थेने मान्य केले. संस्थेतील अनेक प्रामाणिक अधिकाऱ्यांची कारकीर्द या संशयाने धुळीला मिळाली. शत्रूला जे नुकसान करता आले नसते ते विभागाने स्वतःच करून घेतले. ज्याला कोणताही पुरावा आपल्या संशयाला बळकटीच देणारा वाटतो, त्याने विश्लेषण सोडून श्रद्धा पत्करलेली असते.

आपल्याकडील इस्रो प्रकरण याच जातीचे. ऑक्टोबर १९९४ मध्ये केरळात मुदतीपेक्षा अधिक काळ राहिलेल्या एका मालदीवी स्त्रीस अटक झाली आणि नोव्हेंबर संपेपर्यंत अग्निबाणशास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना गजाआड करण्यात आले. शीतजनक इंजिनाचे तंत्र त्यांनी परकीयांना विकले, असा आरोप होता. वस्तुतः ते तंत्र त्या वेळी भारताने हस्तगतच केलेले नव्हते. रशियाशी झालेला करार १९९३ मध्ये बदलून तंत्रज्ञान देण्याचा भाग त्यातून वगळण्यात आला होता. जे घरात नाही ते चोरीस जाईल कसे, हा प्रश्न पहिल्या दिवशी पहिल्या विश्लेषकाने विचारावयास हवा होता. तो विचारला गेला नाही. जबाब मात्र घेतले गेले. केंद्रीय अन्वेषण विभागाने १९९६ मध्ये आरोप निराधार ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये नारायणन यांना पन्नास लाख रुपये भरपाई देवविली. मधल्या चोवीस वर्षांची भरपाई कोणालाच देता येणार नव्हती. १९७८-७९ च्या सांबा प्रकरणातही पकडलेल्या दोन सैनिकांच्या सांगण्यावरून लष्करातील सुमारे पन्नास जणांना अटक झाली होती आणि त्या प्रकरणाचा वाद दशकानुदशके न्यायालयांतून चालत राहिला. कौटिल्याचा तीन स्वतंत्र हेरांचा दंडक या दोन्ही ठिकाणी कोणाला आठवला नाही.

नागपूरच्या प्रकरणाने अलीकडे हाच धडा पुन्हा दिला आहे. ब्रह्मोसमधील त्या अभियंत्यास जून २०२४ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेपेची शिक्षा दिली. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याला हेरगिरीच्या मुख्य आरोपांतून मुक्त केले आणि गोपनीय माहिती जपण्यातील हलगर्जीपणाचा दोष तेवढा कायम ठेवला. फसविला गेलेला मनुष्य आणि फितूर झालेला मनुष्य यांत कायदा भेद करतो. तो भेद तपासाच्या पहिल्या टप्प्यावरच व्हावा, ही अपेक्षा गैर नाही. हलगर्जीपणा हा दोषच आहे आणि त्याला शिक्षाही हवी. पण तिला देशद्रोहाचे नाव दिले की त्याचे दोन दुष्परिणाम होतात. एका कुटुंबाचा अकारण नाश होतो. आणि उद्या जाळ्यात अडकलेला दुसरा तरुण भीतीने वरिष्ठांकडे जाण्याऐवजी गप्प राहतो. प्रतिपक्षाला हवे असते ते हे मौन. पहिले छायाचित्र पाठविल्यावर ज्याला चूक कळली, त्याने न घाबरता कबुली द्यावी अशी वाट खुली ठेवणे, हा प्रतिहेरगिरीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

अफवा आणि वार्ता

येथे धुळे जिल्ह्याला एक कटू स्मरण करून द्यावे लागते. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली आहे या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे, पोटासाठी फिरणारे लोक होते. या घटनेचा गुप्तचर संस्थांशी संबंध नाही. पण या लेखाच्या विषयाशी मात्र तो निकटचा आहे. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर कोणी पाठविला, त्याने तो स्वतः पाहिला काय, कोणते मूल कोणत्या गावातून हरवले, याची चौकशी करण्याची सवय जमावाला नव्हती. संशय होता, शिस्त नव्हती. एका बाजूस ‘झारा’ वा ‘नेहा’ अशा नावाने आलेल्या अनोळखी संदेशावर डोळे मिटून विश्वास, आणि दुसऱ्या बाजूस अनोळखी माणसावर डोळे मिटून संशय, या एकाच उणिवेच्या दोन बाजू आहेत. वार्ता पारखण्याची शक्ती समाजात नसेल तर ती त्याच्या गुप्तचर खात्यात कोठून येणार? तेथील माणसेही याच शाळा-कॉलेजांतून जातात.

खानदेशाच्या इतिहासात याची उलट बाजूही नोंदलेली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. ब्रिटिश सरकारजवळ खबऱ्यांची आणि गुप्त पोलिसांची कमतरता नव्हती; जनतेचा विश्वास मात्र नव्हता. खबरे पैशाने मिळतात, पण आपणहून येऊन खरे सांगणारा नागरिक विश्वासानेच मिळतो. स्वतंत्र देशाच्या गुप्तवार्ता खात्याला हा विश्वास वारशाने मिळत नाही. तो कमवावा लागतो.

सनद हवी

आणि तो कमावण्याच्या मार्गात मोठी अडचण कायद्याची आहे. हेरगिरीचे खटले आजही १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली चालतात. परकीय सत्तेने एतद्देशीयांविरुद्ध केलेला हा कायदा गुपित कशाला म्हणावे हेदेखील पुरेसे स्पष्ट करीत नाही. दुसरीकडे गुप्तवार्ता ब्यूरो आणि ‘रॉ’ यांना संसदेच्या कायद्याने दिलेली सनदच नाही. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये जनता राजवटीने या यंत्रणांच्या गैरवापराचा विचार करण्यासाठी एल. पी. सिंह यांची समिती नेमली. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी गुप्तचर संस्थांचे अधिकार व नियमन यांविषयी खाजगी विधेयक मांडले. ते तसेच लोपले. अमेरिकेत १९७५ च्या चर्च समितीनंतर आणि ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने लोकप्रतिनिधींची देखरेख आली. त्यामुळे त्या देशांचे हेरखाते दुबळे झाले, असे कोणी म्हणत नाही.

देखरेख म्हणजे गुपितांची चव्हाट्यावर मांडणी नव्हे. विश्लेषकाच्या निष्कर्षाला त्याच्याच कचेरीत कोणी आव्हान देतो काय, विरुद्ध मताची नोंद राहते काय, चुकीच्या संशयाने पोळलेल्यांना दाद मिळते काय, एवढे विचारणारे कोणी तरी असावे. अँगलटनला वीस वर्षे विचारणारा कोणी नव्हता. नंबी नारायणन यांच्या वेळीही नव्हता. अशी देखरेख प्रामाणिक विश्लेषकाच्या हिताचीच आहे, कारण वरिष्ठाला वा सत्ताधाऱ्याला हवा तो निष्कर्ष काढण्याच्या दडपणापासून तीच त्याला वाचवू शकते. राजकीय विरोधकावर पाळत ठेवण्यात जितकी माणसे गुंततात, तितकी परकीय हेराच्या वाटेवरून कमी होतात, हा तर साधा हिशेब आहे.

जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांतून आज शेकडो पदवीधर स्पर्धा परीक्षांची तयारी करीत आहेत. त्यांतील काही गुप्तवार्ता खात्याच्या परीक्षांनाही बसतात. सनावळ्या आणि चालू घडामोडी त्यांना तोंडपाठ असतात. परंतु दोन परस्परविरुद्ध वृत्तांतांतून खरे कसे निवडावे, एका बातमीचे दोन उद्गम खरोखर स्वतंत्र आहेत की एकाचाच प्रतिध्वनी, आपल्या मताविरुद्ध जाणारा पुरावा प्रथम का शोधावा, याचे शिक्षण त्यांना कोणत्याही वर्गात मिळत नाही. इतिहासाच्या तासाला एखादे मोडी पत्र आणि त्याच विषयावरची बखर शेजारी-शेजारी ठेवून हे शिकविता येईल. त्यासाठी लागणारी सामग्री धुळ्यात शंभर वर्षे जपून ठेवलेली आहे. भाषेच्या तासाला कृत्रिम मजकूर कसा ओळखावा हे शिकविता येईल. आपण अमुक गावची म्हणून लिहिणाऱ्या व्यक्तीच्या वाक्यात त्या गावची बोली नसेल तर कानाला खटकले पाहिजे. भुसावळ-वरणगावच्या निर्माणींत भिंतींवर सावधगिरीच्या सूचना लावणे आवश्यक आहेच. परंतु सावधगिरी ही भिंतीवरून डोक्यात उतरत नाही. ती सवयीने येते.

देशाच्या सुरक्षिततेचा विचार करताना आपल्याकडे तोफा, विमाने आणि अग्निबाण यांची मोजदाद होते. रजिस्टराचे पान उलटून दोन तारखा जुळविणाऱ्या आणि जुळत नसतील तर तसे निर्भयपणे लिहिणाऱ्या माणसाची गणती त्यात कोणी करीत नाही. ‘संशयाला आधार नाही’ एवढे एक वाक्य वेळीच टिपणीवर लिहिले गेले असते, तर एका शास्त्रज्ञाची चोवीस वर्षे वाचली असती. आणि संशयाला आधार आहे हे वेळीच मानले गेले असते, तर एक फितूर नेपाळ ओलांडू शकला नसता. ही दोन्ही वाक्ये लिहिण्याचे धैर्य ज्याच्या अंगी सारख्याच प्रमाणात आहे, तोच या कामास लायक. अशी माणसे घडविण्याचे काम दिल्लीच्या कचेऱ्यांत सुरू होत नाही. ते गावच्या शाळेत, वह्या तपासणाऱ्या मास्तरांच्या हाताखाली सुरू होते.